साळवी साहेबांचे तीन आकडे

रत्नागिरीत मांडवीला समुद्राकडे तोंड करून उभ्या असलेल्या एका इमारतीत साळवी साहेबांचा फ्लॅट होता. फ्लॅटचा नंबर चार. दारावरच्या पितळी पाटीवर मात्र लिहिलं होतं, ००४. त्या इमारतीत शंभर फ्लॅट व्हायचे तर अर्धा समुद्र बुजवावा लागला असता. मी पहिल्यांदा गेले तेव्हा सहज विचारलं, "सर, ही पुढची शून्यं कशाला?" साहेब गंभीरपणे म्हणाले, "एकटा चार म्हणजे बनियनवर लग्नाला आलेला माणूस. बरा दिसतो काय?" मी हसले. तो विनोद नव्हता हे मला नंतर कळलं.

गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, असं माझी आई सांगते. आईला साळवी साहेबांच्या हाताखाली काम करावं लागलं नव्हतं.

साहेब आयुष्यभर मुंबईत कुठल्याशा मोठ्या कंपनीच्या संगणक विभागात होते. तिथे त्यांनी नेमकं काय केलं, हे त्यांच्या तोंडून कधी नीट ऐकू आलं नाही. तिथली खुर्ची कशी होती ते मात्र पुष्कळदा ऐकलं. निवृत्त होऊन गावी आले आणि एका औषधांच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत त्यांनी सॉफ्टवेअरची कंपनी थाटली. मीही पुण्याची नोकरी सोडून रत्नागिरीत परतले होते. गावात दुसरं काम नव्हतं, म्हणून मी साहेबांकडे कामाला लागले. ते मला 'मयेकर बाई' म्हणत, आणि 'बाई' असं काही म्हणत की आपण भांडी घासायला आलोय असं वाटावं.

त्यांची खरी कीर्ती होती ती 'द्वारपाल' या प्रोग्रामची. नेटवर्कवरच्या प्रत्येक यंत्राला एक पत्ता असतो: चार आकडे, मध्ये तीन टिंबं. दिलेला पत्ता नीट आहे की नाही हे तपासणं द्वारपालाचं काम. साहेबांच्या द्वारपालाला नीटपणाची एकच व्याख्या ठाऊक होती. प्रत्येक आकडा तीन अंकी हवा. सात लिहिलात की पडद्यावर लाल अक्षरांत 'पत्ता अयोग्य'. ००७ लिहिलात की या, बसा. सगळे पत्ते एकाखाली एक सरळ रांगेत दिसले की साहेब खुर्चीत मागे रेलून चष्मा पुसत. "बघा, कशी पलटण उभी आहे," म्हणत.

मी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. "सर, आकड्याच्या सुरुवातीला शून्य दिसलं की कितीतरी प्रोग्राम तो आकडा आठाच्या हिशेबाने वाचतात. आपलाही त्यातलाच आहे. ०१० लिहिलं तर तो दहा नाही, आठ समजेल."

"आणि आजवर बिघडलं काय?"

"आजवर आपल्या पत्त्यांचा शेवटचा आकडा सातच्या पुढे गेलाच नाही. सातपर्यंत दोन्ही हिशेब सारखेच येतात."

साहेबांनी टेबलावरची पेनं सरळ केली. ती आधीपासूनच सरळ होती. "मयेकर बाई, पुण्यात तुम्हाला शंका काढायचा पगार मिळत असेल. इथे कामाचा मिळतो." दुसऱ्या दिवसापासून मला आंब्याच्या पेट्यांवरची लेबलं छापायच्या प्रोग्रामवर बसवलं. द्वारपालाच्या जवळ फिरकायची मला बंदी झाली.

आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे बंदराजवळचं भाटकर शेठचं कोल्ड स्टोरेज. सात खोल्या मासळीच्या. प्रत्येक खोलीत एक थर्मामीटर, त्याला नेटवर्कवरचा पत्ता, आणि बाहेरच्या केबिनमधल्या पडद्यावर त्या खोलीचा आकडा. थंडी ठीक असली की आकडा हिरवा, नाहीतर लाल, आणि भोंगा. पाळीवर शिवलकर नावाचे गृहस्थ असत. जुना माणूस. तासातासाने प्रत्येक खोलीचं दार किलकिलं करून आत हात घालायची त्यांची सवय. साहेबांनी ती मोडून काढली. "दार उघडलं की थंडी जाते. दार उघडायचं नाही, पडदा बघायचा," असं त्यांनी सगळ्यांदेखत बजावलं, आणि तशी पाटीच केबिनमध्ये लावली.

शेठनी नवी खोली बांधली. आठ आणि नऊ हे शेवटचे आकडे त्याच नेटवर्कवरच्या शेजारच्या बर्फवाल्यांनी आपल्या बर्फखोलीतल्या थर्मामीटरांना आधीच घेतले होते, म्हणून नव्या खोलीच्या थर्मामीटरला दहा मिळाला. साहेबांनी स्वतः जाऊन पत्ता भरला, तीन अंकी, कपड्यांसकट. पडद्यावर लगेच हिरवा आकडा उमटला. साहेबांनी शेठच्या हातचा पेढा खाल्ला आणि घरी आले. खोलीत काही त्यांनी डोकावून बघितलं नाही, कारण दार उघडायचं नव्हतं.

पुढे एका रविवारी दुपारी नव्या खोलीचा पंखा बंद पडला. आत कोळंबी गच्च भरलेली. पडद्यावरचा आकडा हिरवाच. सोमवारी माल काढायला दार उघडलं तेव्हा वास पार रस्त्यापर्यंत गेला. शिवलकर पाळीवर झोपले असणार, असा शेठनी निकाल दिला आणि त्यांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं.

शिवलकर आमच्या ऑफिसात आले. मुलगी देवरूखला कॉलेजात, घरात कमावणारे हे एकटे. पण ते काही त्यांनी सांगितलं नाही, मला ठाऊक होतं. ते एवढंच म्हणाले, "साहेब, मी झोपलेलो नाय. पडदा हिरवा होता. तुम्ही शेठना येवढं सांगा, पडदा बघायला तुम्हीच सांगितलेलंत."

साहेबांनी त्यांना बस म्हटलं नाही. "अहो शिवलकर, पडदा म्हणजे सगळं झालं काय? माणसाने जरा दार उघडून बघायला नको?"

मी लेबलं छापत होते. आयुष्यात मला इतकी किळस त्या कोळंबीचीही आली नव्हती. शिवलकर जिना उतरून गेले.

त्याच संध्याकाळी मी शेठकडे गेले आणि म्हटलं, चहाची गरम किटली मागवा आणि साळवी साहेबांना बोलवा. शिवलकरांनाही बोलावून घेतलं. साहेब येऊन खुर्चीत बसले, शिवलकर दाराशीच उभे राहिले. नव्या खोलीतल्या थर्मामीटरला किटली टेकवली. पडदा हिरवाच. मग शेठना बर्फाच्या खोलीत नेलं आणि तिथल्या आठ नंबरच्या थर्मामीटरला किटली टेकवली. केबिनमध्ये नव्या खोलीचा आकडा चढत गेला, लाल झाला, भोंगा वाजला. पडदा पहिल्या दिवसापासून शेजारच्या बर्फाचीच थंडी दाखवत होता.

शेठ केबिनमध्ये परतले, पडद्यावरचा लाल आकडा बघितला आणि भोंगा बंद केला. मग म्हणाले, "साळवी, हे काय ओ?"

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. म्हणाले, "पण मी म्हणतो, बर्फवाल्यांनी आठ नंबर घेतलाच कशाला?"

शिवलकर दुसऱ्या दिवशी कामावर रुजू झाले. साहेबांनी त्यांची 'माफी' कधी मागितली नाही. तो शब्द बहुधा तीन अंकी होत नसावा. मी द्वारपालातली ती ओळ दुरुस्त केली आणि राजीनामा दिला. साहेबांनी तो वाचला, तारखेतल्या पाचाच्या आधी शून्य घातलं आणि सही केली.

गेल्या वर्षी साहेब गेले. शोकसभेला मी गेले ती आईने ढकललं म्हणून. काटेकोर, शिस्तप्रिय, अचूकतेचे उपासक, असं एकेक जण उठून सांगत होता. मलाही कुणीतरी दोन शब्द बोला म्हणालं. मी मान हलवून नाही म्हटलं, कारण माझ्याकडचे दोन शब्द त्या सभेला झेपले नसते.

मग मागच्या रांगेतून शिवलकर उठले. इस्त्रीचा शर्ट, हातात टोपी. "मला काय बोलता येत नाय," ते म्हणाले. "पण साहेबांनी मला एक शिकवलं. पडद्यावर कायपण दिसूदे, दार उघडून बघायचं. मी अजून बघतो."

सगळ्यांनी माना डोलावल्या. साहेबांच्या पत्नीने डोळे टिपले आणि शेजारणीला म्हणाली, "ह्यांनी किती जणांना घडवलं बघ." शिवलकर सावकाश खाली बसले, टोपी मांडीवर ठेवली, आणि सभा संपेपर्यंत त्यांनी माझ्याकडे एकदाही बघितलं नाही.