काकूंचा डबा आणि मिस्टर ब्रॅनिगन

गिरगावातून निघाले त्या दिवशी संयुक्त महाराष्ट्रासाठी हरताळ होता. टॅक्सी नाही, म्हणून ट्रंक हातगाडीवर टाकून बॅलार्ड पियरपर्यंत चालत गेलो. आदल्या दिवशीच्या अश्रुधुराने सगळ्यांचेच डोळे चुरचुरत होते. कोण रडतंय ते कळत नव्हतं. "मडमीण निघाली मडमांच्या देशात!" चाळीतून कुणीतरी ओरडलं. शेजारच्या मालवणी काकूंनी शेवेच्या लाडवांचा पितळी डबा हातात दिला. "वाटेत खा गो बाये. डबो टाकू नको." आई लगेच म्हणाली, "आणि रिकामा परत करू नकोस." आपल्या चाळीत कुणाचंच भांडं रिकामं परत जात नाही. काही नसलं तर चिमूटभर साखर तरी.

तुम्ही प्रत्येक पत्रात विचारता, तुझे घरमालक मिस्टर ब्रॅनिगन एवढे मोठे कशामुळे? इथल्या फुटबॉलमध्ये चेंडू हातात घेऊन पळतात. पळणाऱ्याला आडवा करायचा, हे त्यांचं काम. नऊ वर्षं केलं. गुडघे गेले, दोन बोटं वाकडी झाली. एका खेळाडूच्या बरगड्या कशा मोडल्या, ते जेवताना हसत सांगतात, तोंडात घास असताना. निवृत्तीनंतर दानधर्म सुरू केला. नाताळात गरिबांना स्टेजवर ओळीने उभं करायचं आणि खाऊचा डबा द्यायचा. डब्यावर मिस्टर ब्रॅनिगनचा फोटो. घेणाऱ्याने तो कॅमेऱ्याकडे धरायचा आणि हसायचं. माझ्याकडे याद्यांचं टायपिंग होतं. म्हणून खोली स्वस्त.

मिसेस नोवाक लॉन्ड्रीत काम करणाऱ्या विधवा. त्यांनाही स्टेजवर तो फोटोचा डबा मिळाला होता. आठवड्याने त्या डबा परत घेऊन आल्या, घासूनपुसून, आत घरी भाजलेला पाव. मला एकदम आपल्या चाळीचा जिना आठवला. त्या गेल्यावर मिस्टर ब्रॅनिगननी वाकड्या बोटांनी झाकण उचललं, आत मेलेला उंदीर असावा तसं.

"फेकून दे. त्यांच्या घरचं कोण खाणार?"

मी फेकला. पाव अजून कोमट होता.

दोन दिवसांनी मिसेस नोवाक रस्त्यात भेटल्या. "आवडला त्यांना?"

"फार," मी म्हटलं. त्या माणसाची किळस येतेच, पण या एका शब्दाची जास्त येते.

त्याच आठवड्यात मी खोली सोडली. "एवढं केलं तुझ्यासाठी!" मिस्टर ब्रॅनिगन म्हणाले. माझ्या तोंडून "थँक यू" गेलं. कॉन्व्हेंटची सवय, मेली सुटत नाही. मग काकूंच्या डब्यात साखर भरली, मिसेस नोवाकच्या दारात गेले आणि खरं काय ते सांगितलं, नवा पत्ताही दिला. त्यांनी डबा घेतला आणि दार लावलं. मी जिन्यात उभीच राहिले.

पंधरा दिवसांनी डबा माझ्या नव्या खोलीच्या दाराशी होता. आत पाव. उभ्याउभ्याच खाल्ला.

घर कुठे, असं कुणी विचारलं तर मी अजून गिरगावच सांगते. पण आई, काकूंना सांग, डबा टाकलेला नाही. इथल्या दोन दारांमध्ये तो फिरतो आहे. परत यायला वेळ लागेल.