माळावरची काळी फरशी

ऐक ग, फोन नीट कानाला लाव. लांबून हूं हूं करत ऐकायची ही गोष्ट न्हाई. फोनवर आत्याचं अर्धंच ऐकतीस आणि वर मलाच शिकवतीस, "आत्या, या वयात माती कसली खणतीस?" आता गप बस अन् पुरतं ऐक.

आमचा माळ तुला ठाऊकच हाय, कंधारच्या सडकेवरून खाली उतरलं की लागतो तो. वखर घातला की नुसता मुरूम करकरतो. गेल्या उन्हाळ्यात माझे मालक, तुझे मामा, म्हणाले, "औंदा पडीक टाकू. बी तरी वाचंल." लई लागलं मला ते. जन्मभर लोकांच्या रानात ज्वारी काढली, कणसं खुडली. आपल्या रानातलं कणीस कधी हातात आलं न्हाई. म्हटलं, एवढं एक साल मला द्या. मामा म्हणाले, "एकच हां."

गावचं तळं तेव्हा आटलं होतं. मोठ्या रानवाल्यांनी मशीन आणून कडेचा गाळ रानात टाकायला नेला. तळ्याच्या पोटात मात्र मशीन रुतायला लागलं. वरून तडकलेलं, खाली लोण्यासारखं मऊ. त्यांनी नाद सोडला. अस्सल काळा गाळ तिथंच उरला होता ग! मी आणि माझी जाऊ पहार, कुदळ, टोपली घेऊन उतरलो. भेगेत पहार घालून दाबली की अख्खी चिप निघायची, पाटाएवढी. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर टोपलं, अन् बांधावर दिराची बैलगाडी उभी.

पण हौसेपायी घोटाळा केला. चिपा ओल्याच नेऊन माळावर पसरल्या, वर बैल फिरवले. चार उन्हं लागली अन् सगळं दगडासारखं झालं. वखर वरून टणाटण उडायला लागला. शेजारचा रानवाला बांधावर उभा राहून हसला, "काय करून राहिलात वहिनी? रानात फरशी बसवली का? आता भिंती कधी घालता?"

मामांनी वखराचे बैल सोडले अन् घराकडं चालू लागले. 

घरी येऊन भांडी घासायला बसले. चुलीसाठी आणलेली गाळाची एक चिप तिथं उभी वाळत टेकवली होती. पार कडक वाळलेली. भांड्याचं पाणी तिच्यावर गेलं, अन् बघता बघता ती बसली की ग खाली! नुसता रवा. मग डोक्यात उजेड पडला. चुलीची माती आपण आधी खडखडीत वाळवतो, मग भिजवतो, तेव्हा ती फुटते. ओली तुडवली की चिवट होते. अन् आम्ही बैलांनी तुडवली होती!

जावेला हाक मारली. ती म्हणाली, "बाई, सगळी फरशी परत उचकटायची?" म्हटलं, "हाव, सगळी." पहारीनं एकेक तुकडा उपसला, दोन-दोन तुकडे एकमेकाला टेकवून उभे केले, खालून वारा जाईल असे. नवा गाळही तसाच वाळवला. लांबून माळावर कुणी पालं ठोकलीत असं दिसायचं. लोक थांबून बघायचे. बघू द्या!

पाऊस झाला आणि पालं आपोआप विरघळली. वखर घातला. या खेपेला करकरला न्हाई बघ, लोण्यात सुरी जावी तसा गेला. मुरूम-गाळ एक झाला. ज्वारी पेरली.

आता माळावर ये अन् बघ. मामांच्या डोक्यावर गेलीय ज्वारी. सकाळी उठून चहा न पिता तिथंच जाऊन उभे राहतात, कणसं चाचपतात. परवा शेजारचा आला. हुरड्याचा घास तोंडात टाकून म्हणतो कसा, "वहिनी, ही फरशी आमच्या रानात कशी बसवायची?" जाऊ लगेच म्हणाली, "आधी पहार घेऊन या, भाऊजी. हसू घरी ठेवून या." लई हसलो.

माझ्या रानातलं पहिलं कणीस मी स्वतः भाजलं. हात पोळला, तरी खाली ठेवलं न्हाई.

दाणा अजून हिरवा हाय, पण थोडेच दिवस. कडक झाला की हुरडा कसला? तुझ्यासाठी बांधाकडची ज्वारीची ताटं राखून ठेवलीत, कुणाला हात लावू देत न्हाई. रविवारची वाट बघू नको, लातूरहून सकाळच्या गाडीत बस अन् ये.