उड्डाणपुलावरचे बारा चार्जर

मी सोलापूरची. आमच्याकडे पाणी येतं ते नळाला, तेही चार दिवसांआड, आणि उन्हाळ्यात टँकरने. पाणी न बोलावता घरात शिरतं हे मी ऐकून होते, पण ते खरोखर समजायला मला चेन्नईत भर सभेत फजिती करून घ्यावी लागली.

एग्मोरमधल्या एका सल्लागार कंपनीत मी नवी लागले होते. शहरात विजेच्या गाड्यांसाठी चार्जर कुठे बसवायचे, याचा आराखडा करायचा होता. रहिवाशांच्या मोटारी आणि शहराच्या बस, दोन्हींसाठी. नोकरी कच्ची होती. आराखडा पसंत पडला तर कायम, नाहीतर सोलापूरची गाडी, असं साहेबांनी गोड आवाजात सांगितलं होतं. घरून निघताना सगळ्यांनी ‘झेपेल का तुला?’ असं विचारलं होतं आणि मी ‘न झेपायला काय झालं?’ असं तोऱ्यात उत्तर दिलं होतं. त्यामुळे परतीची वाट मला बंदच होती.

मोटार जिथे रात्रभर उभी राहते तिथे चार्जर हवा, एवढं साधं गणित. म्हणून मी माणसं नेमून आठवडाभर पहाटे मोजणी करवली, कोणत्या गल्लीत किती मोटारी उभ्या असतात याची. आणि स्वतः दिवाळीला घरी निघून गेले. परत आले तर कागद तयार. बाकी शहर ठीक होतं, पण दक्षिणेकडच्या एका सखल भागात गल्ल्या ओस आणि उड्डाणपुलावर दोन्ही बाजूंना मोटारींची रांग! मला गहिवरून आलं. बिचाऱ्यांना दारात जागा नाही, रोज पुलावर गाडी लावून चालत घरी जातात. ‘नागरिकांची दैनंदिन गैरसोय’ असा मथळा देऊन मी पुलावर बारा चार्जर सुचवले. साहेब दिल्लीचे, माझ्याहून कोरडे. ते म्हणाले, ‘वा!’

सभा पोंगलनंतर भरली. समोर महापालिकेच्या मुख्य अभियंता बाई, केसांत मोगऱ्याचा गजरा, नाकावर चष्मा. मागे बस डेपोंचे मॅनेजर. पडद्यावर पूल आला, त्याच्याभोवती मी काढलेलं लाल वर्तुळ आलं, आणि आधी कुणीतरी खोकलं. मग अख्खी खोली हसायला लागली. चहा देणारा हसला. बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले.

“अम्मा, त्या आठवड्यात वादळाचा इशारा होता,” त्या मला म्हणाल्या. “इशारा आला की तिथले लोक गाड्या पुलावर नेऊन ठेवतात. वादळ वर आंध्रात गेलं. दुसऱ्या आठवड्यात गाड्या घरी.”

मोजणाऱ्यांनी हे मला का सांगितलं नाही? कारण यात सांगण्यासारखं त्यांना काही वाटलंच नाही. सोलापुरात कुणी उन्हाळ्याची दखल घेतो का? साहेब टेबलाखाली काहीतरी शोधायला लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात मागून एक मॅनेजर उठले. “मोटारी पुलावर जातील. माझ्या बसचं काय? माझ्या डेपोत चार्जर कुठे ठेवलेत?”

मी नकाशा दाखवला. आग्नेय कोपरा. सबंध डेपोत तेवढीच जागा मोकळी होती आणि ती शोधल्याचा मला अभिमान होता.

“ती मोकळी का आहे?”

आता कुणी हसलं नाही. मला उत्तर कळलं, पण ते सांगायला लाज वाटत होती. तिथे पाणी साचतं, म्हणून. “मी विचारलं नाही,” मी म्हटलं. “मी तिथे गेलेही नाही. आणि मोजणीच्या वेळी मी फराळ करत होते.”

बाईंनी चष्मा पुन्हा नाकावर चढवला. मग साहेबांना म्हणाल्या, “हिला काढू नका. आराखडा हिच्याकडूनच दुरुस्त करून घ्या. पण इथे पावसाळा दिवाळीतच येतो, पुढच्या पावसाळ्यात सुट्टी नाही.” साहेबांनी लगेच मान डोलावली आणि माझी कच्ची नोकरी आणखी एक वर्ष कच्चीच ठेवली.

बाहेर आल्यावर ते मॅनेजर चक्क मराठीत बोलले. तंजावरकडचं घराणं, मराठी जुनी आणि सूर तमिळ. “उगी राहा. पुयल येतें म्हणले की आम्ही अन्न टाकून पळतों. तुम्हांस कसें ठाऊक?” वादळाला पुयल म्हणतात हे मला त्या दिवशी कळलं.

ते वर्ष मी लोकांना एकच प्रश्न विचारत घालवलं, पाणी कुठवर येतं? कुणी गुडघा दाखवला, कुणी भिंतीवरचा डाग, एका आजीबाईंनी देव्हारा. मॅनेजरांनी त्यांच्या डेपोतल्या भिंतीवर कोळशाने रेघ मारून दिली. त्या रेघेहून हातभर उंच चौथरे मी बांधून घेतले आणि त्यांवर चार्जर बसवले. हे बघून ते म्हणाले, “बघूं.” बाकी काही नाही.

दिवाळीतच इशारा आला. बस आधीच उंचावर हलवल्या, वीज तोडली. घरी सगळे चकल्या खात होते आणि मी गमबूट घालून डेपोच्या पायऱ्यांवर मॅनेजरांच्या शेजारी बसून पाणी चढताना बघत होते. ते रेघेवर आलं. रेघ बुडाली. अजून चढलं, आणि दुपारी चौथऱ्याच्या काठाखाली चार बोटांवर थांबलं. चार्जर कोरडे.

मॅनेजरांनी पँट दुमडली, पाण्यात उतरले, काठाला हात लावून चार बोटं मोजली आणि तोंड वाकडं केलं.

“थोडें झालें,” ते म्हणाले. “पुढल्या वर्षी तुम्ही आणखी वरी बांधा.”

पुढल्या वर्षी. म्हणजे मी तेव्हाही इथेच. मी तिथेच, पायऱ्यांवर, ढसाढसा रडले.