पाचशे एक रुपये आणि पहिल्या नंबरची डिस्क

जानेवारीचा दुसरा सोमवार, सकाळचे साडेदहा. रक्कम पाचशे एक रुपये. हजर माणसं तीन: मी, माझी बायको आणि मोहगावहून दोन बस बदलून आलेल्या, एकाहत्तर वर्षांच्या एक निवृत्त शिक्षिका. जागा आमच्या पांढुर्ण्याच्या घराची पुढची खोली. तिला मी ऑफिस म्हणतो, बायको बैठक म्हणते.

बाईंनी पिशवीतून पासबुक काढून माझ्यासमोर उघडं ठेवलं.

"हे पहा भाऊ. दसऱ्याच्या दिवशी पाठवले. अन् तुमी फोनवर सांगून राहिले का पैसे आलेच नाही."

मी फोनवर तसं सांगितलं होतं, कारण माझ्या यादीत त्यांच्या नावापुढे शून्य होतं. आणि पासबुकात पाचशे एक होते. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

इथे थोडं मागचं सांगायला हवं. अकरा वर्षांपूर्वी मी टायपिंगचे क्लास बंद करून ब्लॉगचं सॉफ्टवेअर बनवलं. आमच्याकडे, मध्य प्रदेशाच्या या टोकाला, शाळा-कचेरीत हिंदी आणि घरात मराठी, म्हणून दोन्हीत सहज लिहिता यावं, मोबाइलवर चालावं आणि जाहिराती नसाव्यात, एवढंच डोक्यात होतं. आज पैसे भरणारे ब्लॉग अकराशे चाळीस आहेत. कंपनी म्हणजे मी, फोन घेणारी बायको आणि सौंसरला राहणारा माझा साळा. तो सरकारी नोकरीत आहे. आमच्याकडे त्याचं एकच काम, ते पुढे येईलच.

वर्षाची फी पाचशे. पैसे आले की कॉम्प्युटर रक्कम जुळवतो. जुळली तर ब्लॉग वर्षभर पुढे, नाही तर ती रक्कम एका वेगळ्या यादीत जाते. ती यादी मी मार्चअखेर पाहतो. मुदत संपल्यावर साठ दिवसांत तीन सूचना, आणि साठाव्या दिवशी ब्लॉग पुसून टाकायचा. हे सगळे नियम माझेच. पाचशे म्हणजे पाचशे, असं मी मोठ्या समाधानाने लिहिलं होतं.

"बाई, तुम्ही एक रुपया जास्त पाठवला," मी म्हणालो.

"मग? शून्याचा आकडा देत असते का कोणी? तेही दसऱ्याच्या दिवशी?"

बायको चहा घेऊन आली होती. ती म्हणाली, "अहो, मागच्या महिन्यात भाचीच्या साक्षगंधाला पाकीट तुम्हीच भरलं. त्यात किती होते?"

पाचशे एक होते. वरचा रुपया सापडेना म्हणून मी शेजारच्या किराणा दुकानातून सुटे आणले होते.

"आणि तीन सूचना आल्या, त्या वाचल्या नाहीत?" मी बाईंना विचारलं. विचारताना आवाज जरा उतरला होता.

"भरलेल्या पैशाचा तगादा कोण वाचते भाऊ? मी पोरीच्या बाळंतपणाला पुण्याला होती. परत येऊन पाहिलं तर पान कोरं."

मी ती वेगळी यादी उघडली. पाचशे एकच्या सात नोंदी होत्या. त्यातल्या सहा जणांनी पहिल्या सूचनेलाच फोन केला होता आणि मी सहाही वेळा हाताने दुरुस्ती करून दिली होती. नियम बदलावा असं मला सहातून एकदाही वाटलं नाही. सातव्या या बाई होत्या. त्यांचा ब्लॉग डिसेंबरच्या मध्यात, मंगळवारी पुसला गेला होता.

त्यात काय होतं ते मला माहीत होतं, कारण मी तो वाचायचो. एकतीस वर्षांच्या नोकरीत जी मुलं त्यांच्या हाताखालून गेली, त्यातल्या एकेकावर एक लेख. हुशार कोण, ढ कोण असलं काही नाही. कोण डब्यात रोज तीच चटणी आणायचं, कोण पाटी पुसायला शर्टाची बाही वापरायचं, असं. तीनशे सव्वीस लेख झाले होते.

"वहीत लिहिलेलं असेल ना?" बायकोने विचारलं.

"नाही ताई. डोक्यातून सरळ मोबाइलमध्ये." बाई म्हणाल्या. "अन् एकदा लिहून झालं का मग डोक्यात राहत नाही. मागे दोन लेख पुन्हा लिहून पाहिले होते. नाही जमले."

आता साळ्याचं काम. दर शनिवारी तो सौंसरहून आणि मी पांढुर्ण्याहून जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाला जातो. नारळ फोडून झाला की चपलांच्या स्टँडजवळ मी त्याला भरलेली हार्डडिस्क देतो आणि तो मला सगळ्यात जुनी परत करतो. माझ्या घराला आग लागली तरी लोकांचं लिखाण सौंसरला सुरक्षित राहावं, हा हेतू. डिस्क पाच आहेत: चार त्याच्याकडे, एक माझ्याकडे. परत आलेली मी त्याच दुपारी पुसतो.

बोटांवर मोजलं. ब्लॉग पुसण्याआधीची शेवटची डिस्क म्हणजे पहिल्या नंबरची. ती परवाच्या शनिवारी माझ्याकडे यायची होती आणि त्याच दुपारी कोरी व्हायची होती. पण त्या शनिवारी साळेबुवा कोणाच्या तरी शेतात हुरडा खायला गेले होते. मी चपलांच्या स्टँडजवळ पाऊण तास उभा राहून परत आलो होतो आणि नियमाप्रमाणे त्याचे पन्नास रुपये दंड म्हणून कापले होते.

मी फोन लावला.

"भाऊजी, शनिवारचं आता सोडा ना," त्याने हॅलोच्या आधीच सुरू केलं. "पन्नास कापले न तुमी. आता अजून काय?"

"पहिल्या नंबरची डिस्क कुठे आहे?"

"घरीच हाये. काहून?"

"तिला हात लावू नकोस. आम्ही येऊन राहिलो."

"आम्ही म्हणजे कोण? ताई पण?" हा प्रश्न त्याने जरा घाबरून विचारला.

बाई मोटरसायकलवर बसायला तयार नव्हत्या, म्हणून आम्ही दोघं बसने गेलो. तिकिटं मी काढली. वाटेत जामसांवलीचा फाटा आला तेव्हा बाईंनी हात जोडले आणि मीही जोडले. एरवी शनिवारशिवाय मी जोडत नाही.

साळा जेवणाच्या सुट्टीत घरी आला होता. डिस्क देवघराच्या कोनाड्यात, तिळाच्या लाडवांच्या डब्याखाली होती. तिच्यावर तीळ चिकटले होते. ते पुसून मी ती लॅपटॉपला जोडली. बाई खुर्ची सोडून माझ्या खांद्यामागे येऊन उभ्या राहिल्या.

यादी उघडली. मी मोजली. तीनशे सव्वीस.

"शेवटचा दाखवा," बाई म्हणाल्या. दाखवला. त्यांनी चष्मा सारखा करून तो पूर्ण वाचला आणि म्हणाल्या, "हं. हा तर मी विसरलीच होती." मग खाली बसून त्यांनी एकापाठोपाठ एक दोन लाडू खाल्ले.

"म्हणजे मी हुरडा खायला गेलो म्हणून वाचलं," साळा म्हणाला. "बाई, सांगा यांना. हे मला कामचोर म्हणून राहिले."

"कामचोर तर तू आहेसच," बाई म्हणाल्या. "माझ्या वर्गात असता तर कोंबडा केला असता. पण आज नाही."

ब्लॉग दुपारी तीनपर्यंत पुन्हा सुरू झाला. नियम मी दुसऱ्याच दिवशी बदलला: पाचशे किंवा पाचशे एक, दोन्ही चालतात. न जुळलेल्या रकमांची यादी आता रोज सकाळी पाहतो.

बाईंना बसचं भाडं देऊ केलं, ते त्यांनी घेतलं नाही. वरचा रुपया परत देऊ केला तर रागावल्या. तेव्हा हिशोब असा लागला: बाईंचे पाचशे फीमध्ये जमा. दंडाचे पन्नास रुपये परत आणि त्यावर बाईंचा तो एक, असे एकूण एक्कावन्न रुपये साळ्याला रोख दिले.