खालच्या फळीचं पाणी

कॉलेजातल्या उंदरांच्या खोलीत मी अकरा वर्षं काम केलं. पिंजऱ्यातला भुसा बदलायचा, खाणं टाकायचं, बाटल्या धुवायच्या. माझं शिक्षण चौथीपर्यंत. उंदरांची मला दया येत नव्हती. घरात निघाला तर मी तो झाडूनं मारते.

शेवटच्या वर्षी अल्लीपूरची एक पोरगी तिथं संशोधनाला आली. आतड्याला वर्षानुवर्षं सूज राहिली की पुढं त्यात गाठी होतात, त्या थांबवता येतात का, हे तिला बघायचं होतं. आधी प्रत्येक उंदराला गाठी आणणारी एक सुई. मग आठवडाभर पिण्याच्या पाण्यात आतडं सोलणारी पूड, मग दोन आठवडे साधं पाणी. असं तीनदा. पुडीच्या बाटलीला ती लाल पट्टी लावायची. वरच्या फळीवरच्या उंदरांना एवढंच. खालच्या फळीवरच्यांच्या खाण्यात एक औषधही मिसळलेलं. औषध खरं असेल तर खालच्यांना गाठी कमी येणार.

तोच सुजेचा आजार माझ्या मुलीला आहे. आठ वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्यानं आणून सोडली, तेव्हापासून पिपरीला माझ्याजवळ राहते. दिवसातून दहा वेळा जाते, रक्त पडतं. डॉक्टर दरवर्षी नळी घालून गाठ शोधतात. हे अल्लीपूरच्या पोरीला मी सांगितलेलं होतं.

पोळ्याला पोरगी चार दिवस गावी गेली. जाताना म्हणाली, "मावशी, लाल पट्टीच्या बाटल्यांले हात लावू नका. आठवड्याचं भरून ठेवलं आहे."

आमच्याकडं रात्रीचं पाणी सकाळी कोणी पीत नाही. उठल्यावर आधी घागर उपडी करायची, ताजं भरायचं, मग चहा. सासूनं लावलेली सवय, पन्नास वर्षांची. त्या खोलीत सकाळी मी बाटल्या पाहिल्या. शिळं पाणी, तळाशी गढूळ. लाल पट्टी मला दिसत होती. तरी मी ते मोरीत ओतलं आणि नळाचं भरलं. वरच्या फळीला स्टूल लागतं, माझा गुडघा चढू देत नाही. म्हणून फक्त खालच्या बदलल्या. चारही दिवस.

पोरगी परत आली, तिनं उंदीर तोलले. वरचे वाळले होते, खालचे तसेच. ती खूश झाली. मी भुसा भरत राहिले. एवढ्यानं काय होतं, असं मी मनात म्हटलं.

तीन महिन्यांनी उंदीर मारले. आतडी उभी चिरून कागदावर पसरली. वरच्यांच्या आतड्यात ज्वारीच्या दाण्यांसारख्या गाठी. खालच्यांत एखाददुसरी.

"मावशी, पाहा," पोरगी म्हणाली. "तुमच्या पोरीच्या कामी येईन हे. आता तरी हासा थोडं."

दोन दिवस मी नुसत्या बाटल्या धुतल्या. मलाही ते औषध खरं हवं होतं. तिसऱ्या दिवशी ती आपल्या सरांना दाखवायचे कागद लावत होती, तेव्हा मी सांगितलं.

"किती दिवस?" तिनं विचारलं.

"चार."

"अन् वरच्या फळीचं?"

"तिथं हात पुरत नाही."

तिनं कागद खाली ठेवले. मग म्हणाली, "तेव्हाच काऊन नाई सांगतलं? तेव्हा सांगतलं असतं तर नवे उंदीर घेतले असते."

 सरांनी मला बोलावून विचारलं, वाचता येतं का. मी म्हटलं, येतं. पट्टी दिसली होती का? दिसली होती. त्यांनी मला झाडझुडीवर पाठवलं. पोरीचं सगळं रद्द झालं. आतडी जाळायच्या पिशवीत गेली.

घरी मुलगी भाजी निवडत होती. "त्या बाईचं औषध लागू झालं का वं उंदरांले?"

"माहीत नाही."

"असं कसं माहीत नाई?"

मी सगळं सांगितलं. तिनं देठं मोडणं थांबवलं नाही.

"मंग आता?"

"नवे उंदीर आणतील. पहिल्यापासून करतील."

"कधी कळन?"

"उन्हाळ्यापर्यंत. तेही नक्की नाही."

"माही नळी तर संक्रांतीले आहे," ती म्हणाली, आणि भाजीची परात घेऊन आत गेली.