गॅरेजात गप्प बसलेली गाडी

आमच्या जुन्या गाडीचं इंजिन चढावर खडखडतं. आज मेकॅनिक तिला टेकडीवर नेऊन आला आणि म्हणाला, "कुठे काय? भास असेल तुमचा." चारचौघांत खोटा पडल्यासारखा मी मान खाली घालून उभा राहिलो. दुखण्यांची ही जुनीच खोड, दाखवायला नेलं की लपून बसतात. मागच्याच आठवड्यात आईचा गुडघा डॉक्टरांसमोर नीट वाकला, तेव्हा मीच तिला म्हणालो होतो, "मनाचे खेळ असतात गं."

घरी परतताना चढ लागला आणि खडखड सुरू झाली. "ऐकलास आवाज?" मागच्या सीटवर बसलेल्या आईला मी घाईघाईनं विचारलं.

"ऐकला," ती गुडघा चोळत म्हणाली. "पण गाडी खडखडते असं तू सांगितलंस, तेव्हाच खरं वाटलं होतं मला."