पट्टी नसलेला ड्रेस

दवाखान्यात तिला सगळे पट्टीबाई म्हणायचे. तोंडावर नाही, पाठीमागे. पण दवाखान्यात पाठीमागचं काय लपून राहतंय! नोंदणीच्या खिडकीत बसून तिनं अख्खी नोकरी काढली. नाव सांगा, वय सांगा, काय होतंय, त्या बाकावर बसा. बोलून बोलून घशाला कोरड, बसून बसून पायांना सूज. आता निवृत्ती तोंडावर आली होती आणि खरं सांगायचं तर तिला ना आनंद होत होता, ना दुःख. नुसता शीण आला होता.

हौस एकच उरली होती. निरोपाच्या दिवशी अंगावर असा ड्रेस हवा, जो आधी कुणाचा नव्हता आणि ज्याला पट्टी नाही.

आता ही पट्टीची भानगड सांगायलाच हवी. घरात दोघी बहिणी. नवा कपडा यायचा तो ताईला. ताईचा घालून झाला की धाकटीला. त्यामुळे धाकटी कायम मागच्या जमान्यात. पोरी अरुंद पँट घालायला लागल्या तेव्हा हिच्या पायात ताईची बेलबॉटम फडफडत होती. फुग्यांच्या बाह्या सगळ्यांनी टाकून दिल्या, तेव्हा कुठे त्या हिच्या खांद्यावर आल्या. त्यात ही मेली ताडमाड वाढली. आई दर वर्षी फ्रॉकची खालची दुमड उसवायची, फ्रॉक दोन बोटं लांब व्हायचा आणि जुन्या दुमडीची पांढुरकी रेघ घेरावर तशीच राहायची. धुऊन जाईना, इस्त्रीनं जाईना. वर्गात एक पोरगी सगळ्यांसमोर म्हणाली, "हिच्या फ्रॉकवरच्या रेघा मोजा, वय कळेल!"

त्या दिवशी घरी येऊन तिनं आईच्या चिंध्यांच्या गाठोड्यातून लाल कापड काढलं, त्याची पट्टी कापली आणि रेघेवर शिवून टाकली. पुढच्या फ्रॉकला हिरवी. मग हात बसला. पहिल्या पगारात तिनं नवा कोरा ड्रेस घेतला. रेघ नाही, काही नाही. घरी आरशासमोर उभी राहिली, तर काहीतरी उघडं पडल्यासारखं वाटायला लागलं. संध्याकाळी त्याला पट्टी लागली. मग लागतच गेली. खिडकीपलीकडच्या पेशंटांना बाईंचा घेर कधी दिसायचाही नाही, तरी लागत गेली.

अलीकडे तर कहरच झाला. शेजारच्या खिडकीवरची पोरगी म्हणाली, "बाई, तुमची ती पट्टी कसली भारी असते! एकदम रेट्रो!" आणि महिनाभरात तिच्याही स्कर्टला पट्टी. आता घ्या!

म्हणूनच, यंदा पट्टी नको. कामावरून सुटल्यावर ती तशीच दुकानात गेली. तिथे काय, सगळीकडे ताईच! ताईच्या बेलबॉटम, ताईच्या फुग्यांच्या बाह्या, ताईच्या मोठ्ठाल्या कॉलरी, नव्या कोऱ्या, ओळीनं टांगलेल्या. विकणाऱ्या मुलीनं एक निळा ड्रेस पुढे केला. खाली घेरावर पांढुरकी रेघ.

"ही रेघ कसली गं?"

"मुद्दाम दिलीय मॅडम. जुना लूक. सध्या हेच चालतं."

"म्हणजे दुमड उसवल्यासारखी?"

"काय उसवल्यासारखी?"

बाई तिथल्या स्टुलावर बसल्याच. आधी हसल्या, मग डोळे भरून आले. "अगं, ही रेघ झाकण्यात जन्म गेला माझा," त्या म्हणाल्या. मुलगी बिचारी पाणी आणायला पळाली.

अगदी कोपऱ्यात, कुणी हात न लावलेला, एक साधा करडा ड्रेस सापडला. कॉलर नाही, झालर नाही, रेघ नाही. तिनं तो घरी आणून कपाटाच्या दाराला टांगला आणि येता-जाता बघत राहिली.

ताई आता तिच्याकडेच असते. नवरा गेल्यावर आली ती राहिलीच. डोळ्यांत मोतीबिंदू, दिवसभर खिडकीशी बसून असते.

निरोपाच्या सकाळी धाकटी आंघोळ करून आली, तर ड्रेस पलंगावर पसरलेला आणि खालच्या घेरावर पट्टी. लाल कापड, पांढरे ठिपके. टाके मोठे, वाकडेतिकडे. शेजारी ताई, सुईनं टोचलेली बोटं चोखत.

"दुकानातून तसाच आणलास की गं! म्हटलं, हिला वेळ कुठला, आपणच करावं. ठिपक्यांच्या फ्रॉकचं कापड आहे. आठवतो का?"

न आठवायला काय झालं? वर्गात ज्याच्या रेघा मोजल्या, तोच तो फ्रॉक.

"मला होत होता गं तो अजून," ताई म्हणाली. "आईनं काढून घेतला. म्हणाली, धाकटीला शाळेत घालायला काही नाही. जेवले नव्हते मी त्या दिवशी. पुढे तुझा घालून झाल्यावर आईनं त्याचं पोतेरं करायला घेतलं, तेव्हा धड होता तेवढा तुकडा मी ठेवून दिला."

हे धाकटीला कुणी कधी सांगितलं नव्हतं. तरी ती ड्रेस घेऊन आतल्या खोलीत गेली, कात्री घेतली आणि एक टाका कापला. इतका राग आला होता.

बाहेरून ताई म्हणाली, "बसतोय का गं?"

तिनं कात्री ठेवली. "बसतोय."

निरोपाला साहेब बोलले, "बाई म्हटलं की पट्टी आठवणार!" टाळ्या झाल्या. शेजारच्या खिडकीवरच्या पोरीनं फोटो काढला तो नुसत्या घेराचा.

घरी येऊन ती चपला न काढताच खुर्चीत बसली.

"पट्टीचं कुणी काही बोललं?" ताईनं विचारलं.

"सगळे तेवढंच बोलले." आणि मग तिला आवरेना. "ताई, मला हा बिनपट्टीचा हवा होता गं. एक, फक्त एक."

ताईनं हात पुढे केला. मग म्हणाली, "बोलायचंस ना मग, मेले! दे, उसवते."

"राहू दे. भोकं दिसतील."

धाकटीनं घरातले कपडे घातले, ड्रेस खुर्चीवर टाकला. ताईनं तो चाचपून हातात घेतला.

"तुझा घालून झाला ना? मग एकदा मला दे."

ताईच्या अंगावर तो पार घोट्याखाली गेला. "लांब होतोय गं मला."

धाकटी गुडघे धरत खाली बसली, तोंडात टाचण्या धरल्या आणि घेर आत दुमडायला लागली. दुमडता दुमडता पट्टी आत गेली. आता तो ड्रेस दुकानात होता तसा दिसत होता, साधा, कोरा, ताईच्या अंगावर. तिनं शेवटची टाचणी लावली.

"आधी मी घातलाय हां."

"हो गं बाई," ताई म्हणाली, "आधी तूच."